भित्यापाठी बाँड

दिलसुखनगरच्या बसस्टँडामागच्या गल्लीत, एका शिवणक्लासच्या वरच्या खोलीत ज्योती देगलूरकर माणसांचे दात बनवायची. डॉक्टर लोक रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत. ज्योती त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायची, दाताला दात जुळवायची आणि भट्टीतून निघालेली, दातावर बसवायची पांढरी टोपी इवल्याशा डबीत घालून परत पाठवायची. हात असा, की जन्माचा दात कुठला आणि बसवलेला कुठला हे रोग्याच्या बायकोलाही सांगता येऊ नये. पण त्या गल्लीत कुणाला विचारलं असतं की दातांची लॅब कुठे आहे, तर कुणी बोट दाखवलं नसतं. लॅबला पाटीच नव्हती. खालच्या शिवणक्लासमधल्या मुलींना वाटायचं, वरच्या काकू मेणबत्त्या करतात.

पाटी नव्हती ती एका कागदाच्या भीतीने.

लग्न होऊन नांदेडहून हैदराबादेत आली, तेव्हा ज्योतीकडे दंततंत्रज्ञाचा दोन वर्षांचा डिप्लोमा होता आणि अनुभव काडीचा नव्हता. कोठी भागात, दवाखान्यांच्या गर्दीत, एका औषधाच्या दुकानाच्या वर एकनाथराव बिरादारांची लॅब होती. एकनाथराव मूळचे उदगीरकडचे. निजामाच्या काळात त्यांचे वडील शेती भावावर सोपवून शहरात आले, आणि एकनाथरावांनी एका पारशी दंतवैद्याच्या हाताखाली कवळी करायला शिकून घेतलं. बिरादारांची कवळी घालून लोक बिर्याणीतली नळी फोडतात, असं कोठीत म्हणत. त्यांनी ज्योतीला ठेवून घेतलं ते एका अटीवर. स्टँप पेपरवर सही करायची. नोकरी सोडलीच, तर पुढे पाच वर्षं हैदराबाद-सिकंदराबादेत हा धंदा करायचा नाही. स्वतःचा नाही आणि दुसऱ्याकडेही नाही. केला तर भरपाई द्यायची.

ज्योतीने वाचलं न वाचलंसं करून सही ठोकली. तेविसाव्या वर्षी पाच वर्षं म्हणजे काय, हे कुणाला कळतं? शिवाय एकनाथरावांनी शिकवलंही जीव लावून. मेणाचा चाकू कसा धरायचा, म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्यांना कुठे जागा सोडायची, पान खाणाऱ्याच्या दातांची शेड कशी ओळखायची, सगळं. ती त्यांना काका म्हणायची आणि ते तिला पोरी. नऊ वर्षं अशी गेली.

मग देशाची दारं उघडली. कोठीच्या दुकानांत जपानी पावडरी दिसू लागल्या, जर्मन भट्ट्यांची रंगीत माहितीपत्रकं डॉक्टरांच्या टेबलांवर आली. रोगी प्लास्टिकची टोपी नको म्हणू लागले, त्यांना सिरॅमिक हवं होतं. ज्योतीने एक दिवस धीर करून विचारलं, "काका, मद्रासला महिन्याभराचा कोर्स आहे. मी शिकून येऊ का? आपणही भट्टी घेऊ."

"आपण काय काचेच्या बांगड्या विकायला बसलोय?" एकनाथराव म्हणाले. "माझ्या हयातीत हे नखरे इथे नकोत."

ज्योतीने वर्षभर वाट पाहिली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी तिने स्वतःच्या पैशांनी मद्रास गाठलं, शिकून आली आणि राजीनामा दिला. एकनाथरावांनी तो वाचून पेपरवेटखाली ठेवला. वर पाहिलंही नाही.

"जा. पण बाँड आठवणीत असू दे."

एवढंच बोलले. पण ते शब्द ज्योतीच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले.

घरी विचारविनिमय झाला. ज्योतीचा नवरा गौतम एस.टी.सारख्याच इथल्या सरकारी बस डेपोत हिशेबनीस होता. सावध माणूस. रस्ता ओलांडतानाही दोनदा मागे वळून बघणारा. तो म्हणाला, "तुझं नाव कुठेच घालायचं नाही. कागदावर तू नाहीसच, तर धरणार कुणाला?"

आणि मग सगळं किशोरच्या नावावर झालं. किशोर गौतमचा धाकटा भाऊ, औषध कंपनीचा फिरता विक्रेता, अजून लग्न व्हायचं होतं. खोलीचा भाडेकरार त्याच्या नावावर, दुकानाचा परवाना त्याच्या नावावर, बँकेतलं खातं त्याच्या नावावर. भट्टीसाठी बँकेचं कर्ज काढलं, तेही त्याच्याच सहीने. ज्योती मद्रासला विद्या शिकली, तिने आपले दागिने मोडून हत्यारं घेतली, आणि कागदोपत्री ती त्या खोलीत पाहुणी ठरली.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती? ज्योती कोठीला पाऊल टाकेना. दातांच्या डब्या रिक्षावाल्याबरोबर पाठवायची. एकदा नारायणगुड्याला एकनाथरावांच्या लॅबमधला माणूस समोरून येताना दिसला, तर ती मिठाईच्या दुकानात शिरली आणि नको असलेली जिलेबी घेऊन बाहेर पडली. डॉक्टरांचे फोन आले की किशोरचं नाव सांगायची. आणि किशोर? किशोरने एक दिवस चकचकीत कार्डं छापून आणली. त्यावर ठळक अक्षरांत त्याचं नाव, खाली "प्रोप्रायटर". ज्योतीने ते कार्ड हातात घेतलं, छान आहे म्हणाली आणि मेणाची वाटी उगाचच पुसत बसली. हळूहळू तो विजेचं बिल विचारू लागला, पावत्या तपासू लागला. ज्योतीला वाटायचं, विचारावं याला, की भावजी, हे तुम्ही मालक म्हणून विचारताय का? पण जीभ उचलायची नाही.

अशातच एका दुपारी पोस्टमन रजिस्टर्ड पाकीट घेऊन आला. पाठवणारा कोणी वकील. ज्योतीने पाकिटाला हातही लावला नाही.

"त्या नावाचं इथे कुणी नाही," ती म्हणाली.

पोस्टमनने तिच्याकडे, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. डॉक्टरांच्या एका शिबिरात सकाळी गेली होती, ते काढायचं राहिलं होतं. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून तो निघून गेला. दोन दिवसांनी त्याच वकिलाचं दुसरं पाकीट साध्या टपालाने आलं आणि दाराखालून आत सरकलं. ज्योतीने ते न फोडता खणात टाकलं, वर कापसाचा गठ्ठा ठेवला. गौतमला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "फोडलंच नाही ना? मग आपल्याला माहीतच नाही." पण त्या रात्री त्याने दाराची कडी दोनदा तपासली.

त्या आठवड्यात ज्योतीच्या घशाखाली घास उतरेना. कामात चुका व्हायला लागल्या, आणि तिच्या कामात चूक म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात चूक. शनिवारी डॉक्टर रझिया स्वतः जिना चढून वर आल्या. मलकपेटला त्यांचा दवाखाना होता, आणि ज्योतीला पहिलं काम त्यांनीच दिलं होतं.

"ज्योती, ये क्या भेजी तू?" त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "सत्तर साल की अम्मा के मुँह में बीस साल की छोकरी का दाँत! अम्मा हँसी तो सामने का एकच दाँत ट्यूबलाइट के जैसा चमका."

ज्योतीने डबी उघडली. शेडचा नंबर सरळसरळ चुकला होता. ती सॉरी म्हणायला गेली आणि तिला रडूच कोसळलं.

"अरे! हौली हो गई क्या? दाँत के वास्ते कोई रोता?"

मग सगळं बाहेर आलं. बाँड, पोस्टमन, खणातलं पाकीट. रझियाबाईंनी ऐकून घेतलं आणि पर्समधून कागदाचा चिटोरा काढून पत्ता लिहून दिला. "नारायणगुडा. पद्मावती वकील. मेरी पेशंट है. आजच जाना, कल नक्को. और वो पाकीट साथ में लेके जाना."

पद्मावतीबाईंचं ऑफिस एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर होतं. बाई तेलुगू, पण सुलतान बाजारच्या मराठी शेजारात वाढलेल्या. मराठी अस्खलित बोलायच्या, फक्त हेल तेलुगू. ज्योती आणि गौतम खुर्चीच्या कडेवर बसले होते, जणू केव्हाही उठून पळावं लागेल.

"ज्योतीगारू, आधी पाणी घ्या," बाई म्हणाल्या. मग पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "फोडलं नाही?"

"फोडलं नाही म्हणजे मिळालं नाही ना?" गौतमने विचारलं. "रजिस्टर्ड तर आम्ही घेतलंच नाही."

"नाही घेतलं की कोर्ट समजतं, मिळालं. शेरा पुरेसा असतो. न घेऊन तुमचा फायदा एकच झाला. आत काय लिहिलंय ते तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत." त्यांनी कात्रीने कड कापली. "नोटीस नेहमी घ्यायची. घेतली म्हणजे कबूल केली असं नसतं. शत्रूचं पत्र असलं तरी वाचावं. तो काय करणार आहे, ते त्यात लिहिलेलं असतं."

त्या वाचू लागल्या. पान उलटलं. परत पहिल्या पानावर आल्या. ज्योती त्यांच्या चेहऱ्याकडे असं बघत होती, जसं आजाऱ्याचे नातेवाईक डॉक्टरकडे बघतात.

"बाँडची नक्कल आहे तुमच्याकडे?"

"नाही. काकांनी दिली नाही, मी मागितली नाही."

"ठीक. यात त्यांनी अट जशीच्या तशी उतरवली आहे. आता मला सांगा, तुम्ही नोकरी कधी सोडली? सोडायच्या आधी, त्यांच्याकडे असतानाच, चोरून काम करत होता का?"

"छे! एक दात नाही."

"त्यांच्या लॅबमधून काही आणलं? साचे, डॉक्टरांची यादी, हत्यारं?"

"नाही हो. माझा जेवणाचा डबासुद्धा तिथेच राहिलाय."

पद्मावतीबाई हसल्या. नोटीस घडी करून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चष्मा ठेवला.

"मग ऐका. या बाँडची ती पाच वर्षांची अट चालत नाही."

ज्योतीला कळलंच नाही. "म्हणजे आमची केस चालणार नाही?"

"त्यांची अट चालत नाही. इंग्रजांच्या काळचा करार कायदा आहे, अजून तोच चालू आहे. त्याचं सत्ताविसावं कलम सांगतं की कुणाला त्याचा कायदेशीर धंदा, पेशा करायला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. तुम्ही त्यांच्या नोकरीत असेपर्यंत ते म्हणू शकत होते, दुसरीकडे काम करू नको. नोकरी सुटली, विषय सुटला."

"पण मी सही केलीये. स्टँप पेपरवर."

"उद्यापासून मी श्वास घेणार नाही असं स्टँप पेपरवर लिहून सही केली, तर काय गुदमरून मरायचं?"

गौतमच्या तोंडून हसू फुटलं. पण ज्योतीचा विश्वास बसेना. इतके महिने जे भूत मानगुटीवर होतं, ते असं एका वाक्याने उतरतं का? तिने पुन्हा विचारलं, "आणि भरपाई?"

"अटच रद्द, तर ती मोडल्याची भरपाई कसली? हां, तुमच्या शिक्षणावर त्यांनी खास खर्च केला असता, तर ठरावीक काळ नोकरी करा असं म्हणायला त्यांना जागा होती. तुम्ही तर नऊ वर्षं दिलीत. किंवा तुमचंच दुकान तुम्ही त्यांना नावासकट विकलं असतं आणि लगेच शेजारी दुसरं उघडलं असतं, तर कायदा त्यांच्या बाजूने असता. तसंही काही नाही." मग त्यांनी बोट वर केलं. "पण एक. डॉक्टरांना काम मागताना काय सांगता?"

ज्योती चाचरली. "बिरादारांच्या लॅबची ज्योती, असं."

"ते बंद. पूर्वी त्यांच्याकडे काम केलं, हे खरं आहे, ते सांगा. पण त्यांच्या लॅबची म्हणू नका. नाव त्यांचं आहे, ते त्यांनी कमावलंय. तुमच्या हातातलं कसब तुमचं आहे. ते कुणी काढून घेऊ शकत नाही, कायदासुद्धा नाही."

ज्योतीचा जीव भांड्यात पडला. तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. नखांत प्लास्टर अडकलेलं होतं. तिला अचानक इतकी भूक लागली की पोटातून आवाज आला, आणि तो तिघांनीही ऐकला.

बाईंनी खाली हाक मारून इडली मागवली. ज्योती खात असताना त्यांनी उत्तराचा मसुदा लिहायला घेतला. लिहिता लिहिता सहज विचारलं, "धंद्याचं नाव काय? मालक म्हणून तुम्हीच ना?"

"नाही," गौतमने अभिमानाने सांगितलं. "आम्ही आधीच काळजी घेतली होती. सगळं माझ्या भावाच्या नावावर आहे."

पेन थांबलं. "सगळं म्हणजे?"

गौतम सांगत गेला, आणि पद्मावतीबाईंचा चेहरा, जो नोटीस वाचताना बदलला नव्हता, तो आता बदलला.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना तुम्ही लोक? जो कागद तुमचं काही बिघडवू शकत नव्हता, त्याला भिऊन तुम्ही खरेखुरे कागद दुसऱ्याला लिहून दिले. हा भाडेकरार खरा आहे. बँकेचं कर्ज खरं आहे. उद्या तुमच्या दिराने सांगितलं, वहिनी, माझ्या दुकानातून बाहेर व्हा, तर तुम्ही काय दाखवणार?"

ज्योतीने इडलीचा तुकडा ताटलीत परत ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर ते चकचकीत कार्ड आलं.

"किशोर तसा नाही," गौतम म्हणाला.

"नसेल. चांगलं आहे. म्हणून आजच बोला, नातं गोड आहे तोवर. भांडण झाल्यावर माझ्याकडे आलात, तर मला फी मिळेल, तुम्हाला भाऊ मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी किशोर पेपर वाचत बसला होता. ज्योतीने चहा दिला आणि रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य काढलं. "भावजी, एक बोलायचं होतं. लॅबबद्दल."

किशोरने पेपर खाली केला. त्याचा चेहरा गोरामोरा झाला. "मलाही बोलायचं होतं, वैनी. कधीपासून."

झालं, हा आता लॅब मागणार, असं ज्योतीला वाटलं. गौतम खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"आधी तुम्ही बोला," ज्योती म्हणाली.

"रागावणार नाही ना?" किशोरने कपाळावरून हात फिरवला. "वैनी, ते सगळं तुमच्या नावावर करून घ्या. मला यातून सोडवा. हात जोडतो."

गौतम खिडकीपासून वळला.

"बँकेचा मॅनेजर परवा म्हणाला, प्रोप्रायटर तुम्ही, कर्ज थकलं तर दुकानाबरोबर तुमची मोटारसायकलही जाईल. धंदा आणि मालक वेगळे नसतात म्हणे. मला झोप नाही. म्हणून तर मी बिलं बघत होतो, कुठे काही थकलंय का ते. तिकडे एक डॉक्टर फोनवर विचारतो, टोपीची कड किती पातळ ठेवलीत? मला दातातलं अक्कलदाढेपलीकडे काही कळत नाही, वैनी! तरी हौ हौ म्हणतो. उद्या कुणाच्या तोंडात काही झालं, तर ग्राहक कोर्टात कोण उभा राहणार? मी. आणि आता भोकरची मंडळी मुलगी द्यायची म्हणतायत. मुलीचे वडील विचारतायत, जावईबापूंच्या डोक्यावर कर्ज किती?"

"मग सांगितलं का नाही?" ज्योतीने कसंबसं विचारलं.

"तुम्हाला वाटलं असतं, गरज पडली तेव्हा दिराने अंग काढून घेतलं. आणि ती कार्डं... मॅनेजर म्हणाला, खात्यासाठी कार्ड लागेल. छापणारा म्हणाला, शंभराच्या खाली छापत नाही."

ज्योती हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. गौतमला काय करावं ते सुचेना. त्याने भावाच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. चहा सांडला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सुंठेवाचून खोकला गेला होता, आणि तो एकट्या ज्योतीचा नव्हता.

पुढचं काम किचकट होतं, पण अवघड नव्हतं. पद्मावतीबाईंनी साधा करार करून दिला. किशोरने भट्टी, हत्यारं आणि धंदा ज्योतीला दिला, आणि देणीही त्याबरोबर तिच्याकडे गेली. भट्टी बँकेकडे तारण होती, म्हणून आधी बँकेची संमती घ्यावी लागली. मॅनेजरने कुरकुर केली, पण गौतम जामीन राहिला तेव्हा तयार झाला. घरमालकाने नवा भाडेकरार केला, दुकानाचा परवाना ज्योतीच्या नावाने निघाला. प्रत्येक सहीच्या वेळी ज्योती खाली बसून पूर्ण कागद वाचायची. बँकेतला कारकून घड्याळ बघायचा, ती वाचतच राहायची. न कळलेला शब्द विचारायची. आणि एका गुरुवारी जिन्याच्या तोंडाशी पाटी लागली. खालच्या मुली ती वाचून म्हणाल्या, "अय्यो, मेणबत्त्या नाहीत होय!"

एकनाथरावांना उत्तर गेलं होतं. मोजकंच होतं. अट कायद्याने लागू नाही, ज्योतीने त्यांचं काही नेलेलं नाही, ती त्यांचं नाव वापरणार नाही. शेवटी एक ओळ ज्योतीने हट्टाने घालायला लावली होती, की माझी अशील आपल्याकडे शिकली याची तिला जाणीव आहे. पद्मावतीबाई म्हणाल्या होत्या, नोटिशीच्या उत्तरात असलं कुणी लिहीत नाही. ज्योती म्हणाली, लिहा.

उत्तर नाही आलं. वकिलाचंही नाही आणि कोर्टाचंही नाही. ज्योती कोठीला जाऊ लागली, पण औषधाच्या त्या दुकानासमोरून जाताना अजून पावलं भरभर पडायची.

मग एका दुपारी जिन्यावर काठीचा आवाज आला. एकनाथराव वर आले होते. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात पिशवी. दारात उभे राहून त्यांनी श्वास घेतला. ज्योती उठून उभी राहिली. मग वाकून पाया पडली.

"राहू दे, राहू दे." त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. "तुझा डबा. घासून ठेवला होता तारामतीने." तारामती म्हणजे त्यांची बायको.

ते खुर्चीवर बसले. खोलीभर नजर फिरवली. भट्टीपाशी ती थांबली.

"माझ्या वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्हणाला, बिरादारसाहेब, ही अट टिकायची नाही. पण नोटीस पाठवू, बाई घाबरेल, बंद करेल. मी म्हटलं, पाठवा." काठीच्या मुठीवर त्यांचा अंगठा फिरत होता. "मग तुझं उत्तर आलं. तारामतीने वाचून घेतलं माझ्याकडून. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही."

"काका, मी तुमचं काही घेतलं नाही."

"ठाऊक आहे. घेतलं असतंस तर नोटीस पाठवावी लागली नसती, मीच आलो असतो." ते जरासे हसले. "डॉक्टर येतात माझ्याकडे, सिरॅमिक मागतात. मी नाही म्हणतो, ते जातात. कवळ्यांचं काम आहे अजून. पण डॉक्टरांना नाही म्हणण्यापेक्षा सिरॅमिकचं काम मी घेऊन तुझ्याकडे पाठवलं तर करशील?"

ज्योतीला वाटलं, हे आपण ऐकतोय ते खरं की काय. "करीन, काका. पण..."

"पण काय?"

"लिहून करू. दर काय, किती दिवसांत द्यायचं, दात मोडला तर जबाबदारी कुणाची. साध्या शब्दांत. पद्मावतीबाईंना दाखवून."

एकनाथरावांनी भुवया चढवल्या. मग मान डोलावली. "लिही. मीही माझ्या वकिलाला दाखवतो. फुकट पैसे घेतो लेकाचा, काहीतरी काम करू दे."

ज्योतीने गॅसवर चहाचं आधण ठेवलं. भट्टी थंड झाली होती. आतून सकाळची टोपी काढून तिने कापडावर ठेवली. एकनाथरावांनी हात पुढे केला. टोपी घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ फिरवून फिरवून बघत राहिले. ज्योतीला पुन्हा तेविसाव्या वर्षासारखं वाटू लागलं.

"शेड चांगली जमलीये," ते म्हणाले. "मागची कड जाड आहे. जीभ लागेल."

"नाही काका, मी मापून केलीये."

"बघ."

ज्योतीने भिंग लावून पाहिलं. कड जाड होती, केसभर. काही न बोलता तिने बारीक दगड मशीनला लावला आणि घासायला बसली. एकनाथराव चहाचा कप हातात घेऊन शेजारी बसून राहिले, तिचं होईपर्यंत.